मृगाचा फेटा

माणूस दंडाने सुधारत नाही, पेरूने सुधारतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिगवण स्टेशनात पार्सल क्लार्क म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मी त्यांच्या माशांच्या आडतीवरची खोली भाड्याने घेतली. खाली आडत, वर मी. मासे पहाटे यायचे आणि दुपारच्या गाडीने जायचे, वास मात्र कायम मुक्कामाला असायचा. शनिवारी बारामतीला घरी गेलो की आई मला आधी न्हाणीघरात पिटाळायची आणि मग विचारायची, कसा आहेस. घरमालकांना सारं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचाच म्हणू लागलो. ते मला बाबूसायेब म्हणत. रेल्वेत इतकी वर्षं काढली, पण मला साहेब म्हणणारे तेवढेच.

पहिल्या आठवड्यात जिन्यातला दिवा माझ्याकडून रोज जळत राहिला. मी बोलणी खायच्या तयारीत होतो, पण चाचा काही बोललेच नाहीत. मग एके दिवशी दिवा चुकून बंद राहिला, तर सकाळी पायरीवर एक पिकलेला पेरू. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा जळाला, तर पेरू नाही. असं चार-पाचदा झाल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. महिनाभरात मी इतका बिघडलो की संध्याकाळी मुद्दाम दिवा लावून ठेवायचो आणि चाचांच्या दाराची कडी वाजली की त्यांना ऐकू जाईल अशा बेताने खाडकन बटण दाबायचो. पेरू मिळत राहिले आणि विजेचं बिल पहिल्यापेक्षा जास्त आलं. चाचींना सगळं कळत होतं. त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमच्या चाचाला येडं बनवनं लई सोपं हाय, बाबू. मी तीस वर्सं त्येच करतीय."

हा कायदा फक्त भाडेकरूला नव्हता. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं नाही तर त्याला तव्यावरची गरम भाकरी मिळे, म्हणून तो गडी फक्त भूक लागलेल्या दिवशी प्रामाणिक असे. धार काढताना शेळीने लाथ मारली नाही तर तिला मूठभर मका. शेळी मका खाऊन घ्यायची आणि मग लाथ मारायची. चाचा दुधाची सांडलेली चरवी उचलून म्हणत, "मका थोडा कमी पडला असंल." त्यांच्या मते जगात कुणी वाईट नव्हतंच, फक्त कुणाकुणाला मका कमी पडला होता. असल्या माणसाचा राग कसा यावा? मला कधीकधी यायचा, पण तो स्वतःचाच.

आणखी एक गंमत म्हणजे हा माशांचा आडत्या मासा खात नसे. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून जे सोडलं ते सोडलं. शेपटीला धरून मासा उचलला की त्याचं वजन ते तराजूच्या आधी सांगत, पण कापलेला मासा त्यांना बघवत नसे. कुणी विळी काढली की ते बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाड्या मोजत उभे राहत. घरात वांगं, घेवडा, शेंगदाण्याची चटणी. आडतीवर मासा अख्खा यायचा आणि बर्फात अख्खाच माझ्याकडे टोपलीत बंद होऊन यायचा. माशाच्या पोटात काय असतं, हे बघायची वेळ ना त्यांच्या धंद्यात येत होती, ना माझ्या नोकरीत.

ते ज्याला ठाऊक होतं तो माणूस रोज आमच्या पायरीवर चहा पीत बसायचा. दगडूआबा भोई. चाचांचं आणि त्याचं गाव धरणाच्या पाण्यात एकाच पावसाळ्यात गेलं होतं. पूर्वी दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. गाव गेल्यावर दगडूआबाने होडी धरली, चाचांनी तराजू धरला, आणि दगडूआबाचा मासा आल्याशिवाय चाचांनी कधी तराजूला हात लावला नाही. बाकीचे खोळंबायचे, शिव्या द्यायचे, चाचा पाण्याकडे बघत बसायचे. दगडूआबा बोलायचा फार कमी. दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले चार चहाला नावं ठेवण्यात जायचे. चाचा त्याच्या वाटचंही बोलून घेत. मला वाटतं, त्यांची दोस्ती अशीच टिकली होती, आणि पुढे जे झालं तेही त्यामुळेच झालं.

त्या वर्षांत बारीक डोळ्यांच्या जाळ्यांचा सुळसुळाट झाला होता. मच्छरदाणीसारखी जाळी, तिच्यातून बोटाएवढं पिल्लूही सुटत नसे. ते मासे उन्हात वाळवून पोत्याने विकले जायचे. चाचा ती पोती बघून कासावीस व्हायचे. त्यांना एवढंच हवं होतं की पाण्यात मासा राहावा आणि दगडूआबाची होडी पाण्यावर राहावी. दोन्ही एकदम. एक राहून दुसरं गेलं तर त्यांना ते चालणार नव्हतं, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल.

सरकारचा उपाय सरळ होता. मासेमारी खात्याची जीप यायची, साहेब उतरायचे, सापडतील तेवढी जाळी किनाऱ्यावर गोळा करून पेटवून द्यायचे. नायलॉन जळाल्याचा तो वास माशांच्या वासालाही मागे सारायचा. एकदा अशीच जाळ्यांची राख-राख झाल्यावर चाचांनी साहेबांना आडतीत बसवून चहा दिला आणि म्हणाले, "सायेब, जाळं जळलं, पर गरज न्हाय जळली. आता ह्यो गडी नवं जाळं घ्याला उसनवारी करनार, आन् ती फेडाय पयल्यापेक्षा बारीक जाळं टाकनार. तुमी चोर कमी केला का वाढवला?"

साहेब तरुण होते, पण बिचारे सज्जन होते. ते म्हणाले, "चाचा, मग काय करू? नियम नको म्हणता?"

"नियम ठिवा की. पर नियम म्हंजी निस्ती भिंत. भिंतीला दार पायजे का न्हाय?"

आणि चाचांनी दार बसवायला घेतलं. एक फळी हिरव्या रंगाने रंगवली, तिच्यावर खूण केली. खुणेपेक्षा मोठा मासा आणणाऱ्याला तराजूवर पहिला नंबर, बसायला घडीची लोखंडी खुर्ची, सायीचा चहा आणि भावही थोडा चढा. खुणेपेक्षा लहान मासा आणणाऱ्याला शिवी नाही, दंड नाही, फक्त रांगेत शेवटी उभं राहायचं, तेही उन्हात. आणि वर्षाचा सगळ्यात मोठा मासा आणेल त्याला मृग सरायच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, वाजतगाजत फेटा. आमच्याकडे माणूस पैसा विसरेल पण सत्कार विसरणार नाही. मानपानावरून सोयरीक मोडलेली घरं मला ठाऊक आहेत. चाचांनी ही नस बरोबर पकडली होती.

फेट्याची गोष्ट जाहीर झाली तेव्हा दगडूआबा पायरीवरच होता. त्याने बशी खाली ठेवली.

"मिरगात? मिरगात कशापायी?"

"आरं तवाच तर मोठा मासा घावतो! व्हय का न्हाय?"

"व्हय. तवाच घावतो," दगडूआबा म्हणाला. मग थोडा वेळ त्याने चाचांकडे बघितलं आणि बशी पुन्हा उचलली. चाचा तोवर बारामतीहून कोणत्या रंगाचं कापड आणायचं यावर बोलू लागले होते.

पहिल्या वर्षी फेटा दगडूआबालाच बांधला. भगवा, जरीचा. हलगी वाजली, गुलाल उडाला, चाचींनी शेवया केल्या. दगडूआबा त्या लोखंडी खुर्चीवर इतका अवघडून बसला होता की फोटोत तो नवरदेवापेक्षा आरोपी वाटतो. पण दुसऱ्या दिवसापासून खरोखर चमत्कार झाला. उन्हात शेवटी उभं राहण्याची लोकांना शरम वाटायला लागली. एकेकाने बारीक जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मोठ्या डोळ्यांची जाळी घेतली. वर्ष सरता सरता वाळवलेल्या पिल्लांची पोती दिसेनाशी झाली. साहेबांची जीप आली, तिला जाळायला काही मिळालं नाही. साहेब चहा पिऊन, फळी बघून, "चाचा, तुम्ही जिंकलात" म्हणून गेले. त्या दिवशी चाचांनी शेळीलासुद्धा विनाकारण मका दिला. मीही कबूल केलं की जग पेरूवर चालतं, आणि मनातल्या मनात जिन्यातला दिवा वेळेवर बंद करायचं ठरवलं.

दुसऱ्या वर्षी मृगात साऱ्या किनाऱ्यावर फेट्याची हवा झाली. ओढे जिथे धरणाला मिळतात तिथे होड्यांची गर्दी उसळली. माझ्याकडे इतक्या टोपल्या आल्या की मला दोन हमाल जास्तीचे लावावे लागले. एकेक कटला मासा उचलायला दोन माणसं. चाचा तराजूपाशी नाचायचेच बाकी होते. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मात्र टोपल्या कमी झाल्या. मोठा मासा नव्हता, हे समजण्यासारखं होतं, पण लहानही नव्हता. जाळी रिकामी यायची. ज्या पिल्लांना वाचवायला सगळा खटाटोप केला ती पिल्लंच पाण्यात दिसेनात. चाचा रोज पाण्यापर्यंत जाऊन यायचे आणि येऊन मला विचारायचे, "बाबूसायेब, आता तर कुनी पकडत न्हाय, मंग गेली कुठं?" मी रेल्वेचा माणूस. हरवलेल्या पार्सलाबद्दल विचारलं असतं तर अर्ज तरी दिला असता.

त्या मृगात फेटा पुन्हा दगडूआबाला मिळाला. सगळ्या हंगामात तो एकच मोठा मासा. या खेपेला दगडूआबाने तो विकला नाही, आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. चाचांनी मैत्रीखातर आमंत्रण घेतलं आणि स्वतःपुरती चटणी-भाकरी फडक्यात बांधून नेली. अंगणात दगडूआबाची सून विळीवर मासा कापत होती. चाचा नेहमीसारखे पाठ करून बसले होते, पण बोलता बोलता एकदा वळले, आणि नेमके तेव्हाच वळले. माशाच्या पोटातून अंड्यांच्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर आल्या. ताट भरून उरतील एवढ्या.

"ह्ये काय?" चाचांनी विचारलं.

"अंडी," दगडूआबा म्हणाला.

"ह्याच माशात?"

"मिरगात समदे भरलेले असत्यात. वड्याला लाल पानी आलं की अंडी टाकाय वर चढत्यात. म्हून तर मोठा मासा घावतो."

चाचांचा चेहरा मी तेव्हा बघितला, तो नीट सांगता येणार नाही. त्यांनी भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. तीन वर्षं त्यांनी हलगी लावून, गुलाल उधळून, पाण्यातल्या लेकुरवाळ्या वेचून आणवल्या होत्या. गाभण शेळी त्यांना लांबूनही कळत होती आणि हे कळलं नव्हतं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "दगडूला ठावं हुतं, बाबू."

दोन दिवस आडत उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, "अर्ज लिव्हा. मिरगापासनं दोन म्हैने जाळं बंद. कुनाचंबी. जो टाकंल त्येच्यावर कारवाई." माझा हात थांबला. ज्या माणसाने शेळीला कधी काठी दाखवली नव्हती तो कारवाई म्हणत होता. मी म्हटलं, "चाचा, दगडूआबाला एकदा सांगा तरी." ते म्हणाले, "आता कुठल्या त्वांडानं सांगू?" आणि अंगठा नव्हे, सही केली, मोठी. पुढच्या मृगात त्यांनी स्वतःची आडत बंद ठेवली. फळी आत नेली, खुर्ची आत नेली. बाकीचे आडते चालूच होते, त्यामुळे होड्याही चालूच होत्या. आणि अर्जावरून जीप आली.

साहेबांना कुणाशी वैर नव्हतं. रस्त्यावरून जो ओढा पहिला लागतो तिथे ते गेले, आणि त्या ओढ्यात जाळं दगडूआबाचं होतं. बातमी कळून चाचा अनवाणी धावले, मी मागे. आम्ही पोचलो तेव्हा पेटवलेलं जाळं विझत आलं होतं. दगडूआबा बाजूला उकिडवा बसला होता. चाचा त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलू लागले, नेहमीसारखं त्याच्या वाटचंही. दगडूआबाने मान वर केली.

"फेटा बी तूच बांदलास, आग बी तूच लावलीस," तो म्हणाला. "मला येकदा इचारलं असतंस तर?"

त्यानंतर तो पायरीवर आला नाही. चाचांनी त्या दोन महिन्यांसाठी त्याच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवलं, ते न सोडता परत आलं. चाचा मला म्हणाले, ज्याचं जाळं बंद करायचं त्याच्या चुलीची सोय आधी करायला हवी होती, मागाहून पाठवलं की ती भीक होते. हे त्यांना कळलं, पण उशिरा कळलं. दिवाळीच्या सुमारास दगडूआबा होडी विकून पुण्याला मुलाकडे गेला. हडपसरच्या बाजूला एका बांधकामावर राखणदार म्हणून राहिला, असं गावातच राहिलेली सून सांगत होती.

माझीही बदली पुण्याला झाली. वर्ष-दीड वर्षाने मी भिगवणला सहज उतरलो, तर चाचा खूप वाळले होते. मृगाचे दिवस जवळ आले होते. मासा थोडा थोडा परत येतोय म्हणाले. आता इतर आडतेही त्यांचं ऐकायला लागले होते, बंद करायला तयार होते, पण नेमकं कधी बंद करायचं आणि कधी उघडायचं यावर वाद होता. "हापिसानं तारखा दिल्यात. पर मासा काय हापिसात येतो व्हय? कुठला कवा भरतो, कवा मोकळा हुतो... जेवढे दिस गरज न्हाय तेवढे दिस लोकांची चूल कशाला बंद ठिवायची? मला त्येतलं कळत न्हाय, बाबूसायेब. आयुष्यभर निस्ता तोलत ऱ्हायलो." दगडूआबाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी त्याला शोधून काढलं. अर्धवट बांधलेल्या इमारतीखाली तो पत्र्याच्या खोपीत राहत होता. मला बघून त्याला आनंद झाला असावा, कारण त्याने चहाला नावं न ठेवता चहा पाजला. मी सगळं सांगितलं. त्याने काडी घेऊन वाळूवर ओढ्याची रेघ ओढली. मग बोलायला लागला, आणि अर्धा तास बोलत राहिला. दगडूआबा भोई अर्धा तास! रोहू कोणत्या नक्षत्रात भरतो, कटला कधी, शिंगटा त्याच्याही आधी अंड्यांसाठी तळाच्या चिखलात कशी बिळं करतो, कोणते ओढे पूर्ण सोडायचे, कोणत्या खोल पाण्यात तेव्हाही जाळं टाकलं तर बिघडत नाही. मी पार्सलच्या पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं. निघताना तो म्हणाला, "सांगा त्येला. पर म्या सांगितलं म्हून सांगू नगा." मी कबूल केलं.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मी भिगवणला गेलो आणि ते सगळं चाचांना वाचून दाखवलं. चाचींनी कंदील उगाच पुसायला घेतला होता, त्याही थांबून ऐकत होत्या. चाचा डोळे मिटून बसले होते, एकेका नक्षत्राला मान हलवत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुनी सांगितलं ह्ये?"

"पुण्यात एक जाणकार भेटले," मी म्हणालो.

"मानूस शाना हाय. त्येला येकदा आपल्याकडं घिऊन या." मग म्हणाले, "आपला दगडू बी आसंच बोलला असता. मीच कदी बोलू दिलं न्हाय त्येला."

मी कागदाची घडी घालत राहिलो. तोंडाशी आलेलं नाव मी गिळलं, कारण शब्द दिला होता. त्या हिवाळ्यात चाचा गेले. ओळखलं असेल का त्यांनी? चाची म्हणतात, ओळखलं होतं, पण त्या माझं मन राखण्यासाठी तसं म्हणतात असं मला वाटतं. त्या वर्षीच्या मृगात आणि पुढेही बरीच वर्षं आडती दगडूआबाच्या हिशेबाने बंद राहिल्या, आणि चाची सोडल्या तर ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात मी बरेच शब्द मोडले, त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. हा एक पाळला, त्याचं अजून वाईट वाटतं.